आधी कोणतं अक्षर?

मराठी मुलाला वाचायला शिकवताना पहिलं अक्षर कोणतं घ्यायचं? या प्रश्नाला आपल्याकडे निदान दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पंतोजींनी त्याचं एक उत्तर दिलं, मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळातल्या छापखान्यांनी दुसरं दिलं, बोर्डीच्या बालवाडीने तिसरं, फलटणच्या एका वस्तीतल्या वर्गाने चौथं. लेकीला पहिली काही वर्षं घरीच शिकवायचं ठरल्यावर मी बाजारात मिळतील तेवढ्या अंकलिप्या, तक्ते आणि वाचनपाठ समोर मांडले, तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या पुस्तकांत ही चार उत्तरं एकमेकांत मिसळलेली आहेत. कुठलं कुठून आलं हे कळल्याशिवाय निवड करता येईना.

मी कोपरखैरण्यात राहते, तीन टाकीच्या बाजूला, सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एकात. माझे वडील, आबा, सातारा जिल्ह्यातल्या जावळीतून मुंबईला आले आणि मशीद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर गोणी घेऊ लागले. ऐंशीच्या दशकात तो बाजार तुर्भ्याला हलला आणि त्याच्या मागोमाग माथाडी कुटुंबंही खाडीच्या या बाजूला आली. मी घरी बसून मराठी पुस्तकांचं डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. दिवसभर अक्षरांकडे बघणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे लेकीला अक्षरं कोण शिकवणार हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. कोणत्या क्रमाने, हा मात्र पडला.

पंतोजींच्या शाळेपासून सुरुवात करते. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात भरणारी ही शाळा. फीऐवजी शिधा, धान्य, सणावाराला काही नाणी. मुलाच्या पुढ्यात धूळपाटी, म्हणजे लाकडी फळीवर पसरलेली बारीक माती किंवा विटेची पूड. पंतोजी मुलाचा हात धरून आधी ‘ओनामासिधं’ काढून घेत, मग मुळाक्षरं, मग बाराखडी. प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत गिरवायचं, धूळ सारखी करायची, पुन्हा गिरवायचं. त्यानंतर उजळणी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. शेवटी मोडीचं वळण आणि पत्राचे मायने. एवढं झालं की मुलगा दुकानात किंवा कचेरीत बसायला तयार.

या अभ्यासक्रमात वाचनाचं पुस्तक नव्हतं. पंतोजी वाचायला नव्हे, लिहायला आणि हिशेब करायला शिकवत. पोथ्या वाचणं हे वेगळं काम, वेगळ्या माणसांचं. मोडी लिहिताना लेखणी फारशी उचलायची नसते आणि त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळत नाहीत. पेशवाईचा सगळा कारभार अशा लिहिण्यावर चालला. पाच वर्षांच्या मुलाच्या वहीत ‘पाणि’ दिसलं की लाल शाई काढणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी ही गोष्ट सांगते. आजचे शुद्धलेखनाचे नियम साहित्य महामंडळाने केले आणि शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, नंतर १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ते मी रोज कामात पाळते. पण ते पहिल्या वर्षाचे नियम नव्हेत.

मुळाक्षरांचा क्रम मात्र पंतोजींनी शोधलेला नाही, तो त्यांच्याही कितीतरी आधीचा. क, ख, ग, घ, ङ घशापाशी; च वर्ग टाळूपाशी; ट वर्गासाठी जीभ वर वळते; त वर्ग दातांशी; प वर्ग ओठांवर. म्हणजे तोंडाच्या आतून बाहेर येत जाणारा प्रवास. प्रत्येक ओळीत आधी कठोर, मग मृदू, मग नाकातला आवाज. जगातल्या फार थोड्या लिप्यांच्या अक्षरमालेत इतका विचार आहे. लेकीला मी हे आरशासमोर बसवून दाखवलं. ‘त’ला जीभ कुठे टेकते, ‘प’ला ओठ काय करतात. ती कितीतरी वेळ तेच करत राहिली. हा क्रम कानासाठी आणि तोंडासाठी बनवलेला आहे आणि त्या कामात त्याच्या तोडीचं काही नाही.

डोळ्यासाठी मात्र तो जड जातो. ट, ठ, ड, ढ ही चार सारखी दिसणारी अक्षरं लागोपाठ येतात. घ-ध, भ-म, प-ष, ब-व यांचा गोंधळ वेगळाच. पहिल्या ओळीतली पाच अक्षरं शिकून झाली तरी त्यांतून घरातला एक शब्द जुळत नाही. ङ आणि ञ यांची चित्रं कुठल्याच तक्त्यात काढता येत नाहीत, आणि ‘ण’ने एकही मराठी शब्द सुरू होत नसल्याने तिथे ‘ण बाणाचा’ म्हणत शब्दाच्या शेवटाशी जावं लागतं. अंकलिपीत हे सगळं जसंच्या तसं छापलं गेलं. पंतोजींचा पाठांतराचा क्रम छापील चित्रांचा क्रम झाला, आणि म्हणण्यासाठी केलेली मांडणी बघण्यासाठी वापरली जाऊ लागली.

छापील पुस्तक आलं ते एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत. १८२२ मध्ये मुंबईत ‘नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ निघाली, पुढे १८२७ मध्ये तिचं नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झालं. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिथे सचिव होते आणि मराठी पुस्तकं करवून घेण्याचं काम मुख्यतः त्यांच्याकडे होतं. सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ ही दोन्ही पुस्तकं १८२८ मधली. मराठी मुलाच्या हाती त्याच्यासाठी म्हणून छापलेली गोष्टींची पुस्तकं आली ती अशी. ‘बाळमित्र’ फ्रेंच लेखक बेर्क्वँच्या पुस्तकावरून केलेलं, ‘इसापनीती’चं मूळ ग्रीक. शिळाप्रेसवरची आणि सुरुवातीच्या खिळ्यांची ती पानं मी ग्रंथालयात पाहिली आहेत. ओळी गच्च, शब्द एकमेकांना चिकटलेले, विरामचिन्हांचा जवळजवळ अभाव.

विरामचिन्हं आणली मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांचा मोठा वाटा. पुण्यात बसून ते सरकारी मराठी भाषांतरांवर अखेरचा हात फिरवत. १८५० मध्ये त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ छापली. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी खूण-यादी मराठीत रुळली ती तिथून. पुढे शिक्षणखात्याने इयत्तावार वाचनपुस्तकांची मालिका काढली, त्यावरही कँडींचीच देखरेख होती. पिढ्यान्‌पिढ्या मराठी शाळा त्या क्रमिक पुस्तकांवर चालल्या. त्या काळच्या मराठी पंडितांनी कँडींच्या मराठीवर इंग्रजी वळणाची म्हणून टीका केली आणि त्या टीकेत तथ्य होतं. पण मी मुद्रितशोधनाला बसते तेव्हा प्रत्येक पानावर कँडींचं काम समोर असतं. लहान मुलाला श्वास कुठे घ्यायचा हे छापील पानाने सांगावं, ही सोय त्यांनी केली.

घरी शिकण्याचा इतिहास या शाळांच्या इतिहासात सापडत नाही. तो बायकांच्या आत्मचरित्रांत सापडतो. लेकीला घरी शिकवणार म्हटल्यावर, हे परदेशी खूळ कुठून काढलंस, असं अनेकांनी विचारलं. त्यांना मी सांगते की एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या मुलींना घर हीच बहुतेक वेळा एकमेव शाळा होती. सावित्रीबाई फुले यांचा विवाह १८४० मध्ये झाला, जोतीरावांनी त्यांना घरीच अक्षरं शिकवली, आणि १८४८ मध्ये त्या भिडेवाड्यात स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये गंगामूळच्या जंगलातला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. कुटुंब तीर्थयात्रेत फिरत असे, त्यामुळे शाळेचा प्रश्नच नव्हता. भल्या पहाटे, घरकामाला लागण्याआधी, आई तिला भागवताचे श्लोक पाठ करायला देई. बारा वर्षांची होईपर्यंत अठरा हजार श्लोक तोंडी आल्याचं सांगतात. ही कानाची शाळा होती.

रमाबाई रानडे यांची हकीकत मला आणखी जवळची, कारण त्यांचं माहेर देवराष्ट्रे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या असताना त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. अक्षरओळख नव्हती. माहेरी मुलींनी शिकण्याची रीतच नव्हती. न्यायमूर्तींनी लग्नानंतर लगेच रात्रीचे धडे सुरू केले, मुळाक्षरांपासून. पुढे घरी शिक्षिका आली, मग इंग्रजीही. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात आवडलं नाही आणि त्याचा जाच रमाबाईंना रोज सोसावा लागला. १९१० मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ लिहिलं. ज्या मुलीला अकराव्या वर्षी अक्षर येत नव्हतं, तिच्या हातून मराठी गद्यातलं इतकं सुरेख पुस्तक उतरलं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना जशा बोलत तशाच लिहीत गेल्या. या दोघींची पुस्तकं मी लेकीच्या अभ्यासक्रमाचा विचार करताना पुन्हा काढली. त्यांच्याकडे अक्षर यायच्या आधी भाषा भरपूर होती. ओव्या, कहाण्या, भांडणं, माजघरातल्या गप्पा. अक्षर मिळाल्यावर ती सगळी भाषा त्यातून वाहिली. पाच वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवताना आपण बहुधा उलटं करतो: अक्षरं भरतो आणि बोलणं थांबवतो. गप्प बस आणि गिरव.

याला पहिलं मोठं उत्तर ताराबाई मोडकांनी दिलं. ताराबाई भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. तिथूनच १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. माँटेसरीची पद्धत होती, पण माँटेसरीची साधनं महाग आणि शहरी. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, तिची अंगणवाडी केली. साधनं म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारची बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं. आमच्या गल्लीच्या टोकालाही एक अंगणवाडी भरते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा निघाला. तोवर बोर्डी, कोसबाड आणि कोपरखैरणे एकाच ठाणे जिल्ह्यात होती.

ताराबाईंकडून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली: बोट आधी, पेन्सिल नंतर. रव्याच्या ताटात, ओल्या वाळूत, खडबडीत कागदाच्या कापलेल्या अक्षरावर बोट फिरवायचं. पंतोजींची धूळपाटी इथे वेगळ्या वाटेने परत आली आहे, आणि ती परत यावी अशीच होती, फक्त छडीशिवाय. दुसरी: मुलाच्या घरातली भाषा ही अडचण नाही, सुरुवात आहे. वारली मुलांशी प्रमाण मराठीत बोलत बसल्या असत्या तर ती अंगणं रिकामीच राहिली असती.

मोठ्या मुलांच्या वाचनाचं सांगायचं तर आचार्य अत्रे यांना ओलांडून जाता येत नाही. लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आल्यावर १९३० च्या दशकात त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ केली आणि क्रमिक पुस्तकात पहिल्यांदा गोडी आली. १९६७ मध्ये पुण्याला बालभारतीची स्थापना झाल्यावर खाजगी वाचनमालांचं ते युग संपलं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आज कुणालाही घरबसल्या, फुकट वाचता येतात. घरी शिकवणाऱ्या मराठी पालकाला याहून मोठा ठेवा नाही.

आता फलटण. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन. साठच्या दशकात भारतात आल्या, फलटणला राहिल्या, इथलं नागरिकत्व घेतलं. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या फरकांवर आहे. कोण कसं बोलतं, कोणत्या जातीत, कोणत्या पेठेत कोणतं रूप. मंगळवार पेठेतली मुलं शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत हे पाहून त्यांनी वस्तीतच वर्ग घ्यायला सुरुवात केली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन. या कामातून मराठी वाचन शिकवण्याची जी रीत निघाली ती मला दोनशे वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे छोटे गट करायचे. पहिल्याच गटात एखादं स्वरचिन्ह, म्हणजे काना, घ्यायचं. आणि गट असा निवडायचा की त्यातून लगेच मुलाच्या ओळखीचे शब्द तयार व्हावेत.

मी माझा पहिला गट असा केला: क, म, ल, र आणि काना. एवढ्यात किती शब्द येतात पाहा. काका, मामा, काम, माल, मला, लाल, राम, रमा, कमाल, कमर, कला, मार. ‘मला काम’ म्हटलं की वाक्यही झालं. लेकीने ‘मामा’ वाचलं तेव्हा तिला ते शिकवावं लागलं नाही, तिने मामालाच हाक मारली. मग दुसऱ्या गटात स, त, न, प आणि वेलांटी, तिसऱ्यात पुढचे.

ही रीत मराठीला नेमकी का लागू पडते, हे मला अक्षरांच्या धंद्यामुळे चटकन कळलं. देवनागरीत व्यंजनं पस्तिसेक, त्यांना बारा स्वरांच्या खुणा, म्हणजे चारशेच्या वर रूपं, आणि जोडाक्षरं वेगळीच. ‘र’ कुठे रेफ होऊन डोक्यावर बसतो, कुठे ‘क्र’मध्ये पायाशी जातो, कुठे ‘तऱ्हा’त मधेच लटकतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर, पण लिहिण्यात अक्षराच्या आधी. याच्याही पुढची अडचण अशी की ‘बदक’ हा शब्द ब-द-क असा पूर्ण ‘अ’ लावून वाचला तर तो शब्दच राहत नाही. शेवटचा ‘अ’ गळतो, ‘करवत’मध्ये मधलाही दबतो. ‘चहाचा चमचा’मध्ये पहिला च वेगळा आणि बाकीचे च वेगळे, पण अक्षर एकच. यासाठी पाच वर्षांच्या मुलाला देता येईल असा नियम नाही. मूल तो शब्द आधी ऐकलेला असतो म्हणून बरोबर वाचतं. म्हणून पहिले शब्द ओळखीचेच हवेत.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला निलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था आहे. तिच्या सहभागाने वाड्याच्या मराठी शाळांत आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या कन्नड शाळांत काही वर्षं मुलांच्या मागे राहून एक मोठा अभ्यास झाला. तिथेही चित्र हेच होतं: अक्षरं आणि नक्कल भरपूर, अर्थाला आणि बोलण्याला वेळ कमी. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी याच्याही आधी प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा, त्याने मागितलेला शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून दिला होता. त्यांचं ‘टीचर’ १९६३ मधलं. मी तेही करते. लेकीच्या डब्यातल्या पट्ट्यांवर ‘भूत’, ‘लोकल’, ‘आबा’ आणि ‘पाणीपुरी’ आहे, आणि ‘भूत’ तिने वर्णमालेतल्या भ शी भेट व्हायच्या आधी ओळखलं.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गोणीवरच्या मार्क्यांची गोष्ट काढली. बाजारात नवीन असताना त्यांना वाचता येत नव्हतं. कुठली गोणी कुठल्या गाळ्यावर टाकायची हे मार्क्यावरून ओळखायचं. ‘लासलगाव’ हा त्यांचा पहिला शब्द, आख्खा. मग ‘पिंपळगाव’ आला तेव्हा दोन्हीच्या शेवटी तेच दिसतंय हे ध्यानात आलं. तिथून ‘गाव’ सुटा झाला, मग ‘ग’ आणि ‘व’. कुणी शिकवलं नाही, पाठीवर गोणी होती म्हणून शिकावं लागलं.

बोलीचा प्रश्न इथे सगळ्यात तीव्र आहे. खैरणे, बोनकोडे, कोपरी ही इथली मूळ गावं, आगरी-कोळ्यांची. तिथे ‘पानी’ असतं, ‘कोली’ असतं, आणि ‘गाडी’ची ‘गारी’ होते. आमच्या सातारी घरातही ‘पानी’ आणि ‘लोनी’च. म्हणजे ‘ण बाणाचा’ हा तक्ता घेऊन बसलं तर इथल्या कितीतरी घरांतल्या मुलाने आयुष्यात ‘बाण’ हा उच्चार ऐकलेलाच नसतो, त्याने ‘बान’ ऐकलेला असतो. चित्र दाखवून अक्षराचा आवाज सांगण्याची सगळी युक्तीच तिथे कोसळते. मूल चुकत नसतं, तक्ता दुसऱ्या घरासाठी केलेला असतो. बर्नसन यांनी आधी लोकांचं बोलणं अभ्यासलं आणि मग वाचन शिकवायला घेतलं, या क्रमाचं महत्त्व मला कोपरखैरण्यात बसून कळलं. म्हणून ण, ळ आणि ड मी मुद्दाम उशिरा घेतले, गोष्टी ऐकून ऐकून ते आवाज कानात बसल्यावर. लेक आबांशी बोलताना ‘पानी’ म्हणते आणि पुस्तकात ‘पाणी’ वाचते. तिला दोन्ही येतं, आणि मी तिचं एकही रूप सुधारत नाही.

आमच्या सेक्टरात अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणारे फोनिक्सचे वर्ग गल्लोगल्ली आहेत आणि बहुतेक पालक तिकडेच वळतात. इंग्रजीला ती पद्धत लागतेच, कारण इंग्रजी अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. जॉली फोनिक्समध्ये एस, ए, टी, आय, पी, एन असा क्रम आहे, तोही लगेच शब्द बनावेत म्हणूनच. म्हणजे फलटणची आणि त्यांची मूळ कल्पना एकच. पण मराठी अक्षराचं नाव आणि आवाज बहुतेक एकच असतो. तिथलं अर्धं काम लिपीने आधीच करून ठेवलं आहे. मराठीत आधी वाचायला शिकलेल्या मुलाला अक्षर म्हणजे आवाज ही गोष्ट पक्की कळते, आणि मग इंग्रजीला ती पाया होते. म्हणून मराठी आधी. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासननिर्णय निघाले, लोक रस्त्यावर आले आणि जूनअखेर ते मागे घेतले गेले. त्या महिन्यांत सहा वर्षांच्या मुलाच्या भाषेवर महाराष्ट्र जितका बोलला तितका एरवी बोलत नाही.

माझी निवड शेवटी अशी झाली. वर्णमाला आणि बाराखडी रोज, पण म्हणण्यासाठी, टाळ्या वाजवत, तक्त्याशिवाय. वाचण्यासाठी गट आणि पट्ट्या. हातासाठी रव्याचं ताट, मग पाटी. वही सहाव्या वर्षाच्या पुढे. बोलण्यासाठी माधुरी पुरंदरे यांची ‘चित्रवाचन’ पुस्तकं आणि ‘राधाचं घर’, नंतर त्यांचंच ‘लिहावे नेटके’. भाषेच्या अभ्यासाचं त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक मराठीत माझ्या पाहण्यात नाही. संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तिथे अवघड पुस्तकही चालतं, कारण कान डोळ्याच्या किती तरी पुढे असतो. जुनी पुस्तकं घेताना एक काळजी: १९६२ च्या आधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘मुलांचें’ असे अनुस्वार असतात. ती मी वाचून दाखवते, तिच्या हातात देत नाही. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक आम्ही मधूनमधून बघतो, म्हणजे पुढे शाळेत जायचं ठरलं तर ते परकं वाटू नये.

शिक्षणहक्क कायदा शाळेच्या भाषेत लिहिलेला आहे, घरी शिकणाऱ्या मुलाबद्दल तो सरळ काही सांगत नाही. म्हणून शेजारणी विचारतात तेव्हा मी फक्त एवढंच म्हणते की ही वर्षं आम्ही घरी काढतोय. त्यातल्या दोघींनी पट्ट्यांचा डबा मागून नेला. एकीच्या मुलाला पहिल्या गटात ‘ब’ हवा होता, कारण त्याच्या घरी सगळे वडिलांना ‘बाबा’ म्हणतात. क, म, ल, र ऐवजी ब, क, म, र असा गट करून दिला. बाबा, बाक, काम, मार, बरा, काका.